ठिगळाचे फ्रेंच नाव

12 मे 2017 रोजी, शुक्रवारी, युरोपातील असंख्य संगणकांच्या पडद्यांवर एकाएकी खंडणीची मागणी झळकू लागली. ब्रिटनमधील रुग्णालयांना रुग्ण परत पाठवावे लागले, आणि फ्रान्समध्ये रनो या मोटार कंपनीला आपल्या काही कारखान्यांतील उत्पादन थांबवणे भाग पडले. नॉर्मंडीतील सांदूव्हिल येथील कारखाना त्यांपैकी एक होता. पुढे 'वॉनाक्राय' या नावाने कुप्रसिद्ध झालेला हा हल्ला 150 देशांत पसरला. त्यातील खरी विचित्र गोष्ट अशी की, ज्या छिद्रातून हा चोर आत शिरला ते छिद्र बुजवण्याचे साधन मायक्रोसॉफ्ट कंपनीने 14 मार्चलाच, म्हणजे जवळजवळ दोन महिने आधी, उपलब्ध करून दिले होते. ज्यांनी ते लावले ते वाचले. ज्यांनी 'पुढच्या आठवड्यात पाहू' म्हटले, त्यांची यंत्रे बंद पडली.

या साधनाला इंग्रजीत 'पॅच' म्हणतात. पुण्या-मुंबईतील संगणकतज्ज्ञही 'पॅच टाकला' असेच म्हणतात. फ्रेंच माणसाला मात्र त्यासाठी दोन शब्द उपलब्ध आहेत, आणि ते दोन वेगळ्या जगांतून आलेले आहेत. सरकारी पत्रकांतला, सभ्य, टापटिपीचा शब्द आहे 'कोरेक्तीफ', म्हणजे दुरुस्ती करणारे. फ्रान्सच्या सायबर सुरक्षा यंत्रणेची सूचनापत्रे उघडली की हाच शब्द पुनःपुन्हा भेटतो. दुसरा शब्द 'रुस्तीन'. तो भाषाशास्त्राच्या पंडितांनी घडवलेला नाही. तो सायकलच्या दुकानातून आला आहे.

लुई रुस्तीन नावाचा एक फ्रेंच कारागीर विसाव्या शतकाच्या प्रारंभी मोटारींच्या टायरांची दुरुस्ती करीत असे. पहिल्या महायुद्धानंतर, 1920 च्या दशकात, त्याने फाटलेल्या ट्यूबवर चिकटवण्याची रबराची छोटी गोल चकती बाजारात आणली आणि तिला आपलेच नाव दिले. पुढे सार्त प्रांतातील ला शार्त्र-स्युर-ल-ल्वार या लहानशा गावात तिचा कारखाना निघाला. आपल्याकडे वनस्पती तुपाला सरसकट 'डालडा' आणि छायाप्रतीला 'झेरॉक्स' म्हणतात, त्याचप्रमाणे फ्रान्समध्ये पंक्चरवरच्या कोणत्याही चकतीला 'रुस्तीन' म्हटले जाऊ लागले. मूळ नाव व्यापारी नोंदणीचे आहे याचे भान कंपनीच्या वकिलांखेरीज कोणाला उरले नाही. अंदाजपत्रकातील तूट तात्पुरती भरून काढणाऱ्या मंत्र्यालाही विरोधक 'रुस्तीन चिकटवली' असे हिणवू लागले. अशा स्थितीत संगणकाच्या आज्ञावलीतील भोक बुजवणाऱ्या तुकड्याला तेथील अभियंत्याने तेच नाव दिले, यात नवल नव्हते.

किंबहुना हे नाव इंग्रजी शब्दाच्या उगमाच्या अधिक जवळ जाते. 'पॅच' ही संगणकाच्या संदर्भात प्रथम उपमा नव्हतीच. ती एक प्रत्यक्ष वस्तू होती. हार्वर्ड विद्यापीठात 1944 साली कार्यान्वित झालेले 'मार्क वन' हे अवाढव्य गणनयंत्र कागदी फितीवरील छिद्रे वाचून चाले. चुकीच्या जागी छिद्र पडले, तर त्यावर कागदाचा तुकडा चिकटवून ते बुजवीत. असे तुकडे चिकटवलेली एक फीत आजही अमेरिकेत जतन करून ठेवलेली आहे. ती पाहणाऱ्याला 'रुस्तीन' या शब्दाचे समर्थन वेगळे करावे लागणार नाही. भोक, तुकडा आणि डिंक: तिन्ही तेथे आहेत.

मराठी वाचकाला या दोन फ्रेंच शब्दांतील फरक समजावून सांगण्याची फारशी गरज नाही. कारण त्याच्या भाषेत ही जोडी केव्हाची नांदते आहे. सरकारी निर्णयात चूक राहिली की काही दिवसांनी 'शुद्धिपत्रक' निघते. ग्रंथाच्या अखेरीसही ते जोडलेले असते. गोधडीला, धोतराला किंवा शेतकऱ्याच्या सदऱ्याला लागते ते 'ठिगळ'. शुद्धिपत्रकाचा सूर असा असतो की मूळ मजकूर उत्तमच होता, केवळ तिसऱ्या ओळीत 'न' च्या जागी 'त' वाचावा. ठिगळ असला आव आणत नाही. कापड जीर्ण झाले आहे, नवे घेण्याची ऐपत किंवा सवड नाही, म्हणून आज एवढ्यावर भागवले आहे, हे ते चारचौघांत कबूल करते. 'कोरेक्तीफ' हे शुद्धिपत्रक आहे आणि 'रुस्तीन' हे ठिगळ. वस्तू तीच; परंतु एका नावाने चूक मिटल्याचे समाधान मिळते आणि दुसऱ्याने ती झाकल्याची आठवण राहते. आज्ञावली लिहिणारी कंपनी पहिला शब्द पसंत करील आणि मध्यरात्री ती चालू ठेवणारा कर्मचारी दुसरा, हे ओघानेच आले.

शब्दांची एवढी चिकित्सा करणे हा काहींना रिकामटेकडा उद्योग वाटेल. फ्रान्समध्ये मात्र तो राज्यकारभाराचा भाग आहे, आणि त्याचा इतिहास मनोरंजक आहे. 1955 साली आयबीएमच्या फ्रेंच शाखेला आपल्या नव्या यंत्रासाठी चांगले फ्रेंच नाव हवे होते. कंपनीने सॉरबॉन विद्यापीठातील लॅटिनचे प्राध्यापक झाक पेरे यांचा सल्ला घेतला. पेरे यांनी 16 एप्रिलच्या पत्रात 'ऑर्दिनातर' हा शब्द सुचवला. जगात सुव्यवस्था निर्माण करणारा, या अर्थी तो जुन्या कोशात परमेश्वराचे विशेषण म्हणून नोंदलेला होता. देवाशी गल्लत नको म्हणून त्याचे स्त्रीलिंगी रूप वापरावे, अशी प्राध्यापकमहाशयांची स्वतःची शिफारस होती. ती कोणी मानली नाही. पुल्लिंगी शब्द मात्र असा रुजला की आज फ्रेंच मूल 'कॉम्प्युटर' म्हणत नाही. 1962 मध्ये फिलिप द्रेफ्यूस यांनी 'अँफॉर्मातिक' हा शब्द घडवला, आणि 1960 च्या दशकाच्या अखेरीस सॉफ्टवेअरला 'लोजिसिएल' हे नाव मिळाले. हे शब्द सुटसुटीत होते, वेळेवर आले आणि त्या व्यवसायातील माणसांनी ते स्वतः उचलले. यशाचे रहस्य एवढेच.

सरकार या क्षेत्रात उतरले ते त्यानंतर. जानेवारी 1972 च्या आदेशाने निरनिराळ्या मंत्रालयांत परिभाषा समित्या नेमण्याची व्यवस्था झाली. 1975 च्या अखेरीस भाषावापराचा पहिला कायदा झाला. 1992 मध्ये 'प्रजासत्ताकाची भाषा फ्रेंच आहे' असे वाक्य थेट राज्यघटनेत दाखल झाले, आणि 4 ऑगस्ट 1994 रोजी सांस्कृतिक मंत्री झाक तुबाँ यांच्या नावाने ओळखला जाणारा कायदा आला. विनोदी लेखकांनी मंत्रिमहाशयांच्या आडनावाचेच इंग्रजी भाषांतर करून त्यांना 'मिस्टर ऑलगुड' म्हणण्यास सुरुवात केली. या चेष्टेपेक्षा घटना परिषदेचा निर्णय अधिक महत्त्वाचा होता. सरकारने ठरवलेले पारिभाषिक शब्द सरकारी यंत्रणेवर बंधनकारक असू शकतात, खासगी नागरिकांवर नाहीत, कारण 1789 च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यातील अभिव्यक्तिस्वातंत्र्य त्याच्या आड येते, असे तिने त्याच वर्षीच्या जुलैत बजावले होते. म्हणजे मंत्रालयातील कारकुनाने 'कोरेक्तीफ' लिहावे, परंतु शेजारच्या इमारतीतील अभियंत्याने 'पॅच' म्हटले तर त्याला कोणी दंड करू शकत नाही. तो म्हणतोही.

समित्यांचे शब्द कधी जगतात, कधी कागदावरच राहतात. संगणकातील दोषाला इंग्रजीत 'बग' म्हणतात. त्यासाठी फ्रेंचांनी 'बोग' हा शब्द योजला. चेस्टनटच्या फळावरील काटेरी टरफलाला फ्रेंचमध्ये पूर्वीपासून हेच नाव आहे. हात लावला की टोचणाऱ्या वस्तूचे नाव दोषाला मिळाले, हा योग चांगलाच जुळला. 2000 सालाच्या धास्तीच्या काळात वृत्तपत्रांनी हा शब्द घरोघरी पोचवला. पत्रव्यवहारासाठी 'कुरिएल' हा शब्द क्वेबेकमधून आला आणि 2003 मध्ये फ्रेंच राजपत्राने तो स्वीकारला. पण पॅरिसच्या कचेऱ्यांतून 'मेल' हद्दपार झाला असे कोणी म्हणणार नाही. महाराष्ट्राला ही कथा परकी वाटण्याचे कारण नाही. राज्याच्या स्थापनेनंतर भाषा संचालनालयाने पदनामांचा कोश सिद्ध केला, तेव्हा टीकाकारांनी त्याला 'बदनाम कोश' म्हणून हिणवले. त्यातील कित्येक शब्द आज तालुक्याच्या गावातील शिपायाच्याही तोंडी सहज येतात, हे हिणवणाऱ्यांना तेव्हा कोठे ठाऊक होते? 'संगणक' हा शब्द रुळला. सायकलवाल्याचे 'सोल्युशन' मात्र 'सोल्युशन'च राहिले.

तथापि 'कोरेक्तीफ' की 'रुस्तीन' हा प्रश्न निव्वळ अभिरुचीचा नाही. सभ्य शब्द कधीकधी डोळ्यांवर कातडे ओढतो. त्याचे उदाहरण फ्रेंच संरक्षण खात्यानेच पुरवले आहे. सैनिकांच्या पगाराचे गणित अत्यंत गुंतागुंतीचे असते. मोहिमेवर असल्याचा भत्ता, कुटुंबाचा भत्ता, बदलीचा भत्ता आणि त्यांच्या पोटातील असंख्य अपवाद. हे सर्व सांभाळण्यासाठी सर्व दलांना समान अशी एक आज्ञावली तयार करण्यात आली. तिच्या लांबलचक नावातील आद्याक्षरांवरून तिला 'लूव्वा' म्हणू लागले. चौदाव्या लुईच्या ज्या मंत्र्याने फ्रेंच फौजेच्या प्रशासनाला शिस्त लावली, त्याचेच हे नाव. ऑक्टोबर 2011 मध्ये भूदल तिच्यावर आले. पगाराचे काम वर्षानुवर्षे करणारी जुनी केंद्रे त्याच सुमारास मोडण्यात आली होती, आणि नियमांतील खाचाखोचा ज्यांच्या डोक्यात होत्या ती माणसे पांगली होती.

परिणाम लवकरच दिसला. कोणाला दुप्पट पगार मिळाला, कोणाला अर्धा, कोणाला काहीच नाही. अफगाणिस्तानातील मोहिमेवर असलेल्या सैनिकांच्या घरी कर्जाचे हप्ते थकले. ज्यांच्या खात्यात जास्त रक्कम जमा झाली, त्यांच्याकडून ती पुढे वसुलीच्या नोटिसा पाठवून मागण्यात आली. गणवेशातील माणसाला मोर्चा काढण्याची मुभा नसते; त्यामुळे सैनिकांच्या बायकांनी तोंड उघडले. खात्याने दुरुस्त्यांमागून दुरुस्त्या चढवल्या. नान्सी येथील केंद्रात हाताने हिशेब तपासण्यासाठी जादा माणसे बसवली. प्रत्येक दुरुस्ती कागदावर 'कोरेक्तीफ' होती, म्हणजे ती लागताच गोष्ट बरोबर व्हायला हवी होती. प्रत्यक्षात एक भोक बुजले की शेजारी दुसरे पडे. कारण ट्यूबच कुजलेली होती. अखेर डिसेंबर 2013 मध्ये संरक्षणमंत्री झाँ-ईव्ह ल द्रियाँ यांनी ही आज्ञावली मोडीत काढण्याचा निर्णय जाहीर केला. वायुदल तिच्यावर कधी आलेच नाही, हे त्याचे भाग्य. नवी व्यवस्था नौदलापासून सुरू व्हायला 2019 साल उजाडले. तोपर्यंत मोडीत काढलेल्या 'लूव्वा'वरच सैनिकांचे पगार निघत होते. फाटलेल्या आभाळाला ठिगळ कोठे कोठे लावणार, असे मराठीत विचारतात. 2011 ते 2013 या काळात पॅरिसमधील संरक्षण मंत्रालयात हा प्रश्न कोणी आपल्या भाषेत वेळेवर विचारला असता, तर बऱ्याच घरांतील वणवण वाचली असती.

दुरुस्ती लावली नाही तर सांदूव्हिल होते, आणि लावली तरी धोका संपत नाही. पॅरिस ऑलिंपिकच्या उद्घाटनाला आठवडा उरला असताना, 19 जुलै 2024 रोजी, संगणकांच्या रक्षणासाठीच पाठवण्यात आलेल्या एका सदोष सुधारणेने जगभरातील सुमारे 85 लाख यंत्रे ठप्प केली. विमाने जमिनीवर राहिली आणि ऑलिंपिकच्या संयोजकांनाही त्याची झळ लागली. कारखान्यातील माणूस नवे ठिगळ लावताना का कचरतो, याचे उत्तर त्या एका दिवसात मिळते. तो आळशी असतोच असे नाही. चालू यंत्राला हात लावल्यावर काय बदलेल, हे त्याला समजलेले नसते. आणि येथे शब्दाचा प्रश्न मागे पडून मजकुराचा प्रश्न पुढे येतो. वस्तूला नाव फ्रेंच असो की इंग्रजी, तिच्याबरोबर आलेली सूचना ज्याच्या हाताने ती लागणार त्याला वाचता येते काय?

या प्रश्नाचे सर्वांत करुण उत्तर फ्रान्सच्या पूर्व भागातील एपिनाल या गावात मिळाले. तेथील रुग्णालयात प्रॉस्टेटच्या कर्करोगावर किरणोपचार केले जात. मे 2004 मध्ये उपचारपद्धतीत बदल करण्यात आला. किरणांचा झोत आकारात आणण्यासाठी धातूची पाचर वापरण्याऐवजी, यंत्राचाच एक भाग हलवून तोच परिणाम साधायचा, असा तो बदल होता. मात्रा ठरवणाऱ्या आज्ञावलीत या दोन पद्धतींसाठी निरनिराळे पर्याय होते. पडदा इंग्रजीत होता आणि रोजच्या कामासाठी फ्रेंच मार्गदर्शिका उपलब्ध नव्हती. काही रुग्णांच्या बाबतीत हिशेब एका पद्धतीचा आणि उपचार दुसऱ्या पद्धतीचा असे घडले. किमान 23 रुग्णांना ठरल्यापेक्षा कितीतरी अधिक किरण मिळाले. त्यांच्या आतड्यांना आणि मूत्राशयाला भाजल्यासारख्या जखमा झाल्या, काही दगावले. शासकीय चौकशीचा अहवाल 2007 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात अपुरे प्रशिक्षण, मात्रा पडताळण्याच्या व्यवस्थेतील ढिलाई आणि माहिती दडवणे यांच्या बरोबरीने, कर्मचाऱ्यांच्या भाषेत सूचना नसणे हेही कारण नोंदले गेले. 2013 मध्ये न्यायालयाने दोन डॉक्टरांना आणि एका भौतिकतज्ज्ञाला दोषी ठरवले.

केवळ इंग्रजीने ही माणसे मारली असे म्हणणे हा कांगावा ठरेल. पडताळणी नीट झाली असती, तर चुकीचा पर्याय निवडूनही ती वेळीच उघडकीस आली असती. परंतु दिवसभर एकामागून एक रुग्ण टेबलावर घेणाऱ्या तंत्रज्ञाला अनोळखी भाषेतील दोन सारख्या दिसणाऱ्या शब्दांमधून एक निवडायला लावणे, म्हणजे चुकीला आसन मांडून देणे होय. भाषेच्या कायद्याची टिंगल करणारे पॅरिसचे लेखक ज्या उपाहारगृहांत बसतात, तेथून एपिनाल फार दूर पडते.

तुबाँ कायद्याचे खरे मोल या ठिकाणी कळते. शब्दसूचींवरून त्याची जेवढी चर्चा झाली, तेवढी त्याच्या नवव्या कलमाची झाली नाही. कामगाराला आपले काम करण्यासाठी ज्या दस्तऐवजाची गरज आहे, तो फ्रेंचमध्ये असलाच पाहिजे, ही तरतूद त्या कलमाने कामगार संहितेत घातली. वैद्यकीय उपकरणे बनवणाऱ्या एका अमेरिकी कंपनीच्या फ्रेंच शाखेतील कामगारांनी या तरतुदीचा आधार घेतला. हाताखालची आज्ञावली आणि उत्पादनाची, सुरक्षिततेची कागदपत्रे केवळ इंग्रजीत मिळतात, अशी त्यांची तक्रार होती. खालच्या न्यायालयाचा 2005 चा निकाल त्यांच्या बाजूने लागला, आणि मार्च 2006 मध्ये व्हर्सायच्या अपील न्यायालयाने तो उचलून धरला. कंपनीला 5 लाख 80 हजार युरो भरावे लागले, शिवाय पुढील विलंबासाठी कागदागणिक रोजचा दंड ठरला. कामगारांना शेक्सपिअरचा राग नव्हता. सूचना समजली नाही तर दोष आपल्या माथी येईल, ही त्यांची साधी भीती होती.

मात्र त्याच कलमाच्या शेवटी एक छोटे वाक्य आहे. परदेशातून आलेल्या किंवा परदेशी व्यक्तींसाठी असलेल्या दस्तऐवजांना ही तरतूद लागू नाही, असे ते सांगते. कायदा करताना ते निरुपद्रवी वाटले असावे. विदेशी पत्रव्यवहाराचे भाषांतर करीत बसणे कोणालाच परवडणारे नव्हते. आज आज्ञावलीच्या दुरुस्त्या ज्या मार्गाने येतात, तो मार्ग नेमका या वाक्याखालून जातो. मायक्रोसॉफ्टचे मासिक दुरुस्तीसत्र दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी येते. त्याची मोठी वैशिष्ट्ये फ्रेंचमध्ये सांगितली जातात. सुरक्षा यंत्रणा आपल्या सूचनापत्रात धोक्याचे वर्णन शुद्ध फ्रेंचमध्ये देते, आणि दुरुस्ती मिळवण्यासाठी निर्मात्याच्या मूळ पत्रकाकडे बोट दाखवते. ते पत्रक बहुधा इंग्रजीत असते. सांदूव्हिलसारख्या कारखान्यातील रात्रपाळीचा माणूस ते उघडतो, तिसऱ्या परिच्छेदातील 'आधी अमुक सेवा बंद करा, अन्यथा' येथपर्यंत येतो, आणि शेजारच्याला हाक मारून विचारतो की याच्या पुढे काय लिहिले आहे.